मिठावरचा कर उतरला, तो कुणाच्या पदरात पडला?

मंडळी, सरकारने एखाद्या वस्तूवरचा कर कमी केला की बाजारात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "चला, गरिबाचे भले झाले." दुसरा म्हणतो, "कसले भले? सरकारने सोडले ते व्यापाऱ्याने उचलले." हा वाद आजकालचा नव्हे. शंभरावर वर्षांपूर्वी तो आपल्या देशात मिठावरून झाला, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. तीच हकिगत आज सांगायची आहे.

मीठ ही चीज अशी की श्रीमंत काही गरिबाच्या दसपट मीठ खात नाही. उलट ज्याच्या भाकरीला कोरड्यास मिळत नाही, त्याला मीठ-मिरचीचाच आधार. म्हणजे मिठावरचा कर घरातली तोंडे मोजून बसतो; घरात दाणे किती आहेत हे तो विचारीत नाही.

इंग्रजी अमदानीत मीठ पिकवायला सरकारी परवाना लागे, आणि मिठागरातून माल हलवायच्या आधीच कर भरावा लागे. मुंबई इलाख्यात १८३७ साली मणामागे ८ आणे कर बसला. १८४४ साली तो दुप्पट करायचा घाट घातला, तेव्हा सुरतेचे लोक असे खवळले की सरकारला हात आखडता घ्यावा लागला. तरी पुढे कर चढतच गेला. १८८२ साली तो २ रुपयांवर आणला होता. १८८८ साली पुन्हा २ रुपये ८ आणे केला.

आता थोडा हिशेब करू. गुरुजींनी तो फळ्यावर मांडून पाहावा. सरकारी मण ४० शेरांचा, आजच्या मापाने सुमारे ३७ किलो. २ रुपये ८ आणे म्हणजे ४० आणे. म्हणजे शेराला बरोबर १ आणा कर! त्या काळी माणशी मीठ लागे वर्षाला सुमारे पाच शेर. घरात पाच माणसे धरा. वर्षाला २५ शेर मीठ, म्हणजे २५ आणे कर. दिवसाला दोन-तीन आणे मिळवणाऱ्या मजुराची ती आठ ते बारा दिवसांची मजुरी झाली.

सरकारी अधिकारी म्हणत, "माणशी वर्षाला पाच आणे, हे काय मोठे ओझे?" दोन्ही आकडे खरे आहेत, बरं का. पण पाच आणे असे म्हटले की ओझे हलके वाटते, आणि दहा दिवसांची मजुरी असे म्हटले की ते खांद्याला कळते.

हा हिशेब कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात नेऊन मांडला गोपाळ कृष्ण गोखले यांनी. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेला आणि अंकगणिताचे पुस्तक लिहिलेला हा माणूस. २६ मार्च १९०२ रोजी ते अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. व्हाइसरॉय होते लॉर्ड कर्झन. सरकारजवळ सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक होती आणि सगळे त्याबद्दल अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी अभिनंदन करायचे नाकारले. देशात दुष्काळ आणि प्लेग थैमान घालीत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जाते, असे त्यांनी सांगितले. मिठाचा कर उतरवा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती.

त्यावर आक्षेप आले ते नुसते उडवून लावण्यासारखे नव्हते. एक आक्षेप असा, की हा कर उतरला तरी गरिबाला काय मिळणार? तो मीठ मणाने घेत नाही, पैशा-दोन पैशांचे घेतो. सवलत मधला दुकानदारच खाऊन टाकील.

यात तथ्य किती, ते पाहा. १९०३ साली कर ८ आण्यांनी उतरला आणि २ रुपयांवर आला. ८ आणे म्हणजे ९६ पै. चाळीस शेरांवर वाटून टाका: शेराला अडीच पैसुद्धा नाही. आणि ३ पैचा एक पैसा! म्हणजे पुरा शेरभर मीठ घेतले तरी फरक एका पैशाच्या आतच. समजा, एखादी बाई आठवड्याच्या बाजारी पैसा टाकून मीठ मागते. तिला पैसा तर द्यावाच लागणार. त्याहून बारके नाणे तिच्या हाती क्वचितच असायचे. सवलत तिला मिळायची ती भावात मिळणार नाही, मिळाली तर दुकानदाराच्या मुठीत मिळणार. त्याने मूठ थोडी सैल सोडली तर सवलत तिच्या पदरात, नाही तर त्याच्या गल्ल्यात. घाऊक घेणाऱ्याला मणामागे ८ आणे रोख दिसले. त्या बाईला चिमूटभर मीठ जास्त आले की नाही, हे तिलाही सांगता आले नसते.

पण गोखल्यांचा आग्रह एकदा उतरवून थांबण्याचा नव्हता. १९०५ साली कर १ रुपया ८ आणे झाला आणि १९०७ साली १ रुपया. चार वर्षांत शेरामागे सात पैंच्या वर फरक पडला, म्हणजे दोन पैशांहून जास्त. एवढा फरक झाकून ठेवणे दुकानदारालाही जड. एकाने दडवला तर शेजारचा भाव पाडून गिऱ्हाईक ओढतो. आमच्या पाच माणसांच्या घरी २५ आण्यांचा कर १० आण्यांवर आला.

मग मीठ जास्त खपले का? खपले. करात १०० मागे ६० ची घट झाली, पण सरकारी उत्पन्न तितके घटले नाही, कारण खप वाढला. टीकाकार म्हणू शकत होते की दुष्काळ सरला म्हणूनही खप वाढला असेल. तेही थोडे खरे. पण भाव उतरताच माणूस जास्त मीठ घेतो, याचा अर्थ आधी तो पोटाला आणि गुरांना तोडून राहत होता, एवढे तरी उघड झाले.

यापुढची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. १९१६ साली कर १ रुपया ४ आणे झाला. १९२३ साली कायदेमंडळाने नाकारले असताना व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात तो दुप्पट केला, आणि पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले. आपल्याकडे शिरोड्याला, वडाळ्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. १ एप्रिल १९४७ पासून हा कर गेला.

मात्र गोखल्यांच्या गोष्टीतला एक भाग सहसा कुणी सांगत नाही, आणि तो शिक्षकबंधूंनी मुद्दाम ध्यानात ठेवावा. पुढे ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी झगडू लागले. पैसा कुठून आणणार, हा प्रश्न आला. तेव्हा मिठाच्या करावर ज्याने सर्वांत नेटाने हल्ला चढवला, त्याच माणसाने सांगितले की दुसरा मार्गच नसेल तर मिठाचा कर थोडा वाढला तरी चालेल; मुलांनी अज्ञानात वाढण्यापेक्षा लोकांनी मीठ थोडे कमी खाल्लेले बरे. ही कोलांटउडी नव्हती. कर उतरवण्याची त्यांची मागणी होती तेव्हा तिजोरीत पैसा नुसता साचत होता. त्या पैशातून गावोगाव शाळा उघडणार असतील, तर हिशेब बदलतो.

आज मिठावर वस्तू व सेवा कर नाही. पण तो जुना वाद गेलेला नाही. हा कर देशात १ जुलै २०१७ पासून आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात उपाहारगृहांचे दर उतरले, तेव्हा मूळ भाव वाढवून बिल तेवढेच ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल अशा कितीतरी वस्तूंवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. काही कंपन्यांनी किंमत तीच ठेवून आतला माल वाढवायचे ठरवले. ओळखलेत ना? ती पैशाचे मीठ घेणारी बाई आणि दुकानदाराची मूठ! फरक एवढाच, की आज पुड्यावर वजन छापलेले असते.

तेव्हा मंडळी, कर उतरल्याची बातमी आली की टाळी वाजवण्याआधी किंवा नाक मुरडण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. सर्वांत लहान गिऱ्हाइकाच्या हाती काय पडले? आणि सरकारने जे सोडले, त्यातून काय उभे राहायचे होते? गुरुजींनी मुलांना एक उदाहरण घालावे: घरातला पाच रुपयांचा पुडा आणा, त्यावरचे वजन लिहून ठेवा, आणि कर बदलला की पुन्हा वजन पाहा. त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत आपल्या वादाचे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे शाळेच्या इमारतीकडे पाहून द्यावे.