टॉनिकवरचा संशय आणि वळवलेले आतडे

छत्तीसगडमध्ये भिलाईला लागून असलेल्या जामुल या गावाची औद्योगिक ओळख चुनखडीवर उभी आहे. 1960च्या दशकात एसीसी कंपनीचा सिमेंट कारखाना येथे सुरू झाला, आणि जवळच्याच नंदिनी खाणीतली चुनखडी व दल्ली-राजहराचे लोहखनिज भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे जात होते. याच पट्ट्यात शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीतून 1983 मध्ये दल्ली-राजहरा येथे खाणकामगारांच्या श्रमाने आणि वर्गणीने शहीद रुग्णालय उभे राहिले. पुढे ती चळवळ जामुलच्या सिमेंट कारखान्यातील कंत्राटी कामगारांपर्यंतही पोहोचली. औषधांचा विवेकी वापर हे त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांचे ब्रीद होते, म्हणजे कारण नसताना सुई टोचायची नाही आणि अशक्तपणाच्या नावाखाली टॉनिकची बाटली माथी मारायची नाही.

देशात आणि महाराष्ट्रातही त्याच सुमारास हा विचार रुजत होता. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1975 मध्ये 117 अत्यावश्यक औषधांची यादी दिली आणि औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकली जावीत, अशी शिफारस केली; पुण्यात डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटना यांनी औषधबाजाराची चिकित्सा मराठी वाचकांसमोर सातत्याने मांडली. दिवसाची मजुरी टॉनिकवर घालवण्यापेक्षा त्या पैशांत डाळ, अंडी आणि भाजी घ्यावी, हा त्या चिकित्सेचा गाभा होता आणि तो आजही खोडून काढता येत नाही. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वजन कमी करण्यासाठी जठर लहान करून घेणाऱ्या किंवा आतडे वळवून घेणाऱ्या रुग्णांचा जो वर्ग भारतात तयार झाला, त्याच्यापुरता हा युक्तिवाद नेमका उलटतो. या रुग्णांना जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम जन्मभर घ्यावे लागते, ते का, हे लठ्ठपणाच्या नव्हे, तर जठरव्रणाच्या आणि पंडुरोगाच्या इतिहासातून कळते.

थिओडोर बिलरोथ यांनी 1881 मध्ये व्हिएन्नात कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली, आणि पुढची कित्येक दशके तीच पद्धत जठरव्रणावर सर्रास वापरली गेली. व्रण बरा होई, पण काही वर्षांनी रक्त फिके पडे आणि हाडे ठिसूळ होत. रक्ताच्या कोड्याचा एक धागा बोस्टनच्या विल्यम कॅसल यांना 1920च्या दशकाच्या अखेरीस सापडला: निरोगी जठरातून एक द्रव्य स्रवते आणि त्याच्याशिवाय अन्नातला रक्तवर्धक घटक शरीरात शिरत नाही. हा घटक म्हणजे ब-12 जीवनसत्त्व, हे 1948 मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे झाल्यावर सिद्ध झाले.

दुसरा धागा मुंबईचा आहे. लुसी विल्स ही इंग्रज वैद्यक संशोधिका 1928 मध्ये मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने गर्भवती स्त्रियांमधील, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांमधील, गंभीर पंडुरोगाचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांच्या जेवणासारखाच निकृष्ट आहार माकडांना दिल्यावर त्यांनाही तसाच आजार झाला, आणि मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या स्वस्त अर्काने तो बरा झाला. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातील अज्ञात घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला, आणि 1945 मध्ये अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत बनवला. रक्तातल्या लाल पेशी ब-12 कमी पडले तरी फुगतात आणि फॉलिक आम्ल कमी पडले तरी फुगतात. पण नुसते फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारते आणि ब-12च्या अभावाने मज्जातंतूंची होणारी हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या गोळीत दोन्ही हवीत.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया या जुन्या अनुभवातूनच निघाली. आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांना असे दिसले होते की व्रणासाठी जठर कापलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही. त्यावरून त्यांनी 1966 मध्ये जठराचा छोटा कप्पा करून त्याला थेट लहान आतडे जोडण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे पूर्वीचा दुष्परिणाम हाच आता उपचार झाला. त्याआधी 1954 पासून लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याचे जे प्रयोग अमेरिकेत झाले, त्यांत यकृत निकामी होणे, मूतखडे आणि तीव्र कुपोषण इतके वाढले की ती पद्धत मोडीत निघाली. आज भारतात जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करणे, म्हणजे स्लीव्ह, आणि जठर-आतडे वळवणे, म्हणजे बायपास, या दोन शस्त्रक्रिया प्रामुख्याने होतात.

कॅल्शियमची निवड येथे खरी गुंतागुंतीची होते. चुनखडीचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट हाच औषधांच्या दुकानातल्या बहुतेक स्वस्त कॅल्शियम गोळ्यांचाही घटक असतो, फक्त तो शुद्ध केलेला, आणि काही गोळ्यांत कालवांच्या शिंपल्यांपासून मिळवलेला असतो. तो विरघळण्यास जठराचे आम्ल लागते, आणि बायपासनंतरच्या इवल्याशा कप्प्यात ते फारसे नसते. शिवाय कॅल्शियम आणि लोह जेथे सर्वाधिक शोषले जाते, तो आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळलेला असतो. रॉबर्ट रेकर यांनी 1985 मध्ये दाखवले की आम्ल न स्रवणाऱ्या माणसात उपाशीपोटी घेतलेले कार्बोनेट फारच कमी शोषले जाते, पण जेवणासोबत घेतल्यास शोषण सुधारते. म्हणून बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेट अधिक पसंत केले जाते, कारण ते आम्लाविना विरघळते आणि त्यातील सायट्रेट मूतखड्यालाही काहीसे आवरते. कार्बोनेट घ्यायचेच तर ते जेवणासोबत घ्यावे.

मात्र सायट्रेटच्या नावाने निर्धास्त होणे महागात पडते. कार्बोनेटच्या वजनात प्रत्यक्ष कॅल्शियम 40 टक्के असते, तर सायट्रेटमध्ये सुमारे 21 टक्के. साहजिकच वेष्टनावर 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेट छापलेल्या गोळीत हाती येते ते 210 मिलिग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संघटनेने स्लीव्ह आणि बायपाससाठी दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅमची मात्रा सुचवली आहे, आणि त्यात आहारातले कॅल्शियमही धरले आहे. पण ही सारी मात्रा अशा गोळ्यांतूनच भरायची झाली तर दिवसाला सहा-सात गोळ्या लागतील. त्याही एकदम घेऊन उपयोग नाही, कारण एका वेळी साधारण 600 मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम नीट शोषले जात नाही. शिवाय लोहाची गोळी कॅल्शियमपासून किमान दोन तास दूर ठेवावी लागते आणि चहा-दुधाबरोबर तर ती घ्यायचीच नाही.

ब-12च्या बाबतीत भारतीय रुग्ण मुळातच मागे असतो, असे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनावरून म्हणता येते. पुणे परिसरातील 441 मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत 67 टक्क्यांमध्ये, आणि शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांमध्ये, ब-12 कमी आढळले. शाकाहार हे त्यामागचे प्रमुख कारण होते. पाश्चात्त्य रुग्णाच्या यकृतातला ब-12चा साठा शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे पुरतो, तसा तो येथे पुरेल हे गृहीत धरता येत नाही. तोंडाने दिवसाला किमान 350 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, ही मात्रा निरोगी माणसाच्या दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या रोजच्या गरजेपुढे अवाढव्य वाटते, पण मोठ्या मात्रेचा अगदी थोडा अंश कॅसल यांच्या द्रव्यावाचूनही आतड्यातून पाझरतो, आणि सारी मदार त्या अंशावरच आहे.

ब-1 जीवनसत्त्वाचा प्रश्न याच्या उलट, वर्षांचा नव्हे तर आठवड्यांचा आहे. शरीरात त्याचा साठा अल्प असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसल्या तर तो लवकर संपतो. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, स्मृती विस्कळीत होते. अशा रुग्णाला जवळच्या दवाखान्यात नेल्यावर पहिली गोष्ट टांगली जाते ती ग्लुकोजची बाटली, आणि ब-1 आधी न देता ग्लुकोज चढवल्यास उरलासुरला साठाही संपून मेंदूची हानी वाढू शकते.

बाजारातली गोळी यांतल्या कोणत्या गरजा भागवते, हे ती कोणत्या कायद्याखाली विकली जाते त्यावर बरेचसे ठरते. औषध म्हणून परवाना घेतलेल्या जीवनसत्त्वांत उपचाराच्या मोठ्या मात्रा ठेवता येतात; 2006च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली 14 अंकी परवाना क्रमांक छापून विकली जाणारी पूरके मात्र रोजच्या सामान्य गरजेच्या हिशेबाने बांधलेली असतात, आणि चघळायच्या गोड गोळ्यांत तर लोह सहसा नसतेच. रंगीत वेष्टनावर दोन्ही सारखीच दिसतात.