धोटा, धनुष्य आणि गोल्फची काठी

मागच्या पावसाळ्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. तो पुण्यातल्या एका गोल्फ क्लबात कॅडी आहे. म्हणजे सदस्यांची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन फिरणारा आणि चेंडू किती लांब मारायचा, वारा कुठून आहे, कोणती काठी काढायची हे त्यांना सांगणारा माणूस. "आपा, तुम्ही एवढं वाचता, एक गोष्ट बघून सांगा ना," तो म्हणाला. (आम्ही घरी उर्दूत बोलतो, इथे मराठी करून लिहिते.) "कॅम्पातल्या एका दुकानात जुन्या काठ्या आल्यात. एक हायब्रिड आहे, एक फेअरवे वूड. पैसे एकीपुरतेच आहेत."

सोमवारी त्याचं मैदान सदस्यांना बंद असतं आणि कॅडींना खेळायला मिळतं. वर्षातून एकदा त्यांची आपसात स्पर्धा होते. पहिल्या तिघांत आला तर प्रशिक्षकाच्या हाताखाली घेऊ, असं त्याला तोंडी सांगितलेलं होतं. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहून वाहून त्याचा डावा खांदा चाळिशीआधीच उतरलाय, त्यामुळे हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला असताना मैदानांची मापं पाठ केली होती, पण ती खो-खो आणि कबड्डीची. तरी वाचायला बसले. इतिहासाची खोड असलेल्या माणसाला साधं उत्तर शोधता येत नाही, तो पाचशे वर्षं मागे जातो. मीही गेले.

गोल्फचा अगदी जुना लेखी उल्लेख सापडतो तो बंदीच्या हुकमात. 1457 साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ दोन्हींवर बंदी घातली. कारण, पोरं या खेळांत रमतात आणि तिरंदाजीचा सराव बुडतो. इंग्लंडशी लढायला तिरंदाज हवेत. पुढे 1502 मध्ये इंग्लंडशी तह झाला आणि त्याच सुमारास चौथ्या जेम्सने स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. घेतल्या कोणाकडून? पर्थ गावातल्या धनुष्य बनवणाऱ्याकडून! ज्या धनुष्यासाठी खेळ बंद केला होता, ते करणाऱ्याचेच हात आता खेळाची काठी घडवत होते. 1603 मध्ये सहाव्या जेम्सने राजाच्या काठ्या बनवण्यासाठी विल्यम मेन याची नेमणूक केली, तोही धनुष्यवालाच. लवचीक लाकूड कुठे वाकतं आणि कुठे मोडतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं?

त्या काळी काठीचं डोकं सफरचंद, नासपती किंवा बीचच्या लाकडाचं असायचं. चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली हंसाची पिसं. लोखंडी काठीने तो फाटायचा, म्हणून लोखंड कमी वापरलं जाई. चेंडू गाडीवाटेच्या चाकोरीत अडकला तरच ते बाहेर निघे. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि लोखंडाला भीत नव्हता. सेंट अँड्रूजमध्ये पिसांचे चेंडू बनवणारा अ‍ॅलन रॉबर्टसन आणि त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस यांचं याच चेंडूवरून बिनसलं. हाताचा धंदा बुडताना दिसला की कारागिराचं डोकं फिरतं. आमच्या मालेगावने हे हातमागावरून यंत्रमागावर जाताना पाहिलंय.

लाकडी काठ्यांना तेव्हा आकडे नव्हते, नावं होती. तळाला पितळी पत्रा ठोकलेली ती ब्रॅसी; चमच्यासारखा खोलगट, मागे कललेला चेहरा असलेली ती स्पून; त्याहून जास्त कललेली, आखूड ती बॅफी. आज 3 नंबरचं फेअरवे वूड म्हणतात ते साधारण स्पूनच्या जागेवर आहे. चेंडू उंचवट्यावर ठेवून पहिला लांब फटका मारायचा तो ड्रायव्हरने. पण त्यानंतर चेंडू जमिनीवर पडलेला असतो, तो तिथून उचलून लांब पाठवायचा. खरी अडचण इथे आहे. ब्रॅसी, स्पून, फेअरवे वूड, हायब्रिड, या सगळ्या पाचशे वर्षांतल्या खटपटी त्या एका अडचणीवरच्या आहेत.

गटापर्चाचा चेंडू टणक. त्याने बीचची डोकी फुटायला लागली. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारागीर एका अमेरिकी लाकडाकडे वळले, पर्सिमन. इथे मी खुर्चीत ताठ बसले. कारण हे लाकूड गोल्फवाल्यांच्या आधी दुसऱ्याच एका धंद्यात नावाजलेलं होतं. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत धोटे बनवायला ते अमेरिकेतून मागवलं जायचं. धोटा ताण्यातून मिनिटाला शेकडो वेळा आरपार धावतो. त्याला एवढी जरी कुस निघाली तरी धागा तुटतो. म्हणून असं लाकूड लागतं की जे घासून घासून अधिक गुळगुळीत होईल, चिरफाळणार नाही आणि दोन्ही टोकांना धाडधाड आपटूनही फुटणार नाही. चेंडूवर आपटणाऱ्या काठीलाही नेमकं हेच हवं होतं.

माझे अब्बा तीस वर्षं लूमवर होते. त्यांचा एक धोटा माझ्या कपाटात आहे, टोकाला लोखंडी बोंड असलेला, मधे कांडी बसवायची खाच. लहानपणी मी त्याला होडी समजायचे.

आणि हे पर्सिमन आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. ज्या तेंदूच्या पानांत विडी वळली जाते, ज्याला मराठीत टेंभुर्णी म्हणतात, तो पर्सिमनचा सख्खा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात दोघांचंही कुळनाव डायोस्पायरॉस. काळं आबनूसही त्यांच्यातलंच. गोंदिया-गडचिरोलीच्या बायका उन्हाळ्यात ज्या झाडाची पानं खुडतात, त्याच्या चुलतभावाने शंभर वर्षं जगभरच्या साहेबांचे चेंडू उडवले.

आता निवडीकडे येते. 1938 पर्यंत पिशवीत किती काठ्या न्यायच्या याला बंधनच नव्हतं. 1920 च्या दशकात पोलादी दांड्यांना परवानगी मिळत गेली, कारखान्यात एकसारखे संच निघू लागले, नावं जाऊन आकडे आले आणि लोक पंचवीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरू लागले. वाहणार कोण, हे सांगायला नको. मग 1938 मध्ये अमेरिकेने आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने नियम केला: जास्तीत जास्त 14. तेव्हापासून एक काठी आत घेताना दुसरी बाहेर ठेवावी लागते. माझ्या भावाला ही मर्यादा खिशाने घातली होती, इतरांना नियमाने, एवढाच फरक.

पण खरी निवड मैदानावर होते. 1935, अमेरिकेतलं ऑगस्टा. ज्या स्पर्धेला आज मास्टर्स म्हणतात तिचं दुसरं वर्ष. जीन साराझेन शेवटच्या फेरीत पंधराव्या होलवर उभा होता, क्रेग वूड तीन फटक्यांनी पुढे. ग्रीन सुमारे 235 यार्ड लांब, समोर पाणी. तीन नंबरचं वूड की चार नंबरचं? अंतर बघितलं तर तीन नंबर. पण चेंडू जमिनीला चिकटून बसला होता. साराझेनने कॅडीशी बोलून चार नंबर काढलं, चेहरा जास्त कललेलं, चेंडूखाली शिरणारं. चेंडू थेट भोकात गेला. तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून निघाली आणि दुसऱ्या दिवशीच्या 36 होलच्या जादा फेरीत तो जिंकला. तो कॅडी काळा माणूस होता. पुस्तकांत त्याचा उल्लेख बहुतेक वेळा 'स्टोव्हपाइप' या टोपणनावानेच येतो. तो उंच टोपी घालायचा म्हणे.

पर्सिमनचा काळ संपवला तो गॅरी अ‍ॅडम्सने. 1979 मध्ये त्याने टेलरमेड कंपनी काढली आणि पोकळ पोलादी डोक्याची काठी विकायला आणली. लोक तिला चेष्टेने 'पिट्सबर्ग पर्सिमन' म्हणायचे, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचं गाव. 1981 मध्ये रॉन स्ट्रेकने अशा काठीने अमेरिकी टूरवरची स्पर्धा जिंकली आणि चेष्टा थांबली. 1993 ची मास्टर्स बर्नहार्ड लँगरने पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली; त्यानंतर एवढ्या मोठ्या स्पर्धेत लाकूड जिंकलं नाही. लाकूड गेलं तरी 'वूड' हे नाव राहिलं. आपणही प्लास्टिकच्या वस्तूला काच म्हणतोच की.

हायब्रिडची कथा थोडी निराळी. लांब पल्ल्याच्या लोखंडी काठ्या, एक-दोन-तीन नंबरच्या, सामान्य माणसाला कधीच नीट मारता आल्या नाहीत. पातं बारीक, चूक माफ न करणारं. गवतात गेलं की गवत दांड्याच्या मुळाशी गुंडाळलं जातं आणि चेहरा मिटतो. 1975 मध्ये टॉम क्रो या ऑस्ट्रेलियनाच्या कोब्रा कंपनीने 'बॅफलर' आणली. छोटं लाकडी डोकं आणि तळाला दोन रुळांसारख्या पट्ट्या, म्हणजे गवतातून ती घसरत जाते. नाव जुन्या बॅफीवरून. 1990 च्या दशकात बार्नी अ‍ॅडम्सच्या 'टाइट लाइज'ने डोकं बुटकं केलं, वजन तळाशी नेलं. पुढे लोखंडी काठीएवढा दांडा आणि वूडसारखं पोकळ डोकं असं लग्न लागलं, आणि तिला हायब्रिड म्हणू लागले. पट्टीचे खेळाडू सुरुवातीला नाक मुरडायचे. ही म्हाताऱ्यांची काठी, नवशिक्यांची कुबडी! मग 2004 मध्ये टॉड हॅमिल्टनने ट्रूनला ब्रिटिश ओपनमध्ये एर्नी एल्सला हरवलं ते ग्रीनच्या कडेवरून हायब्रिडनेच चेंडू सरपटवून. आणि 2009 मध्ये कोरियाच्या जेजू बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा वाय. ई. यांग टायगर वूड्सच्या समोर उभा राहिला. हा माणूस एकोणिसाव्या वर्षी गोल्फला लागला, सराव मैदानावर दुसऱ्यांचे चेंडू गोळा करत. शेवटच्या होलवर एका फटक्याची आघाडी, समोर झाड, ग्रीन 200 यार्डांवर. त्याने हायब्रिड काढली आणि चेंडू भोकापासून दहा-बारा फुटांवर टाकला. आघाडीवर असताना शेवटच्या दिवशी टायगर मोठ्या स्पर्धेत हरला, तो पहिल्यांदाच. आशियात जन्मलेल्या पुरुषाने मोठी स्पर्धा जिंकली, तीही पहिल्यांदाच. यांगने आनंदाने आपली अख्खी पिशवी डोक्यावर उचलली. कॅडीची पिशवी! हा फोटो मी भावाला पाठवला.

मग दोघींत फरक काय? समजा दोघींचा चेहरा सारखाच कललेला आहे, 19 अंशांच्या आसपास. म्हणजे 5 नंबरचं वूड आणि 3 नंबरची हायब्रिड. वूडचा दांडा दीड-दोन इंच लांब, म्हणून डोकं वेगाने फिरतं; चेंडू उंच जातो, लांब जातो आणि ग्रीनवर अलगद उतरतो. पण ते झाडूसारखं जमिनीलगत फिरवावं लागतं आणि त्याला कापलेलं, सपाट गवत हवं. हायब्रिड आखूड, अरुंद; लोखंडी काठीसारखी वरून खाली मारायची. वाढलेल्या गवतातून, खड्ड्यातून, वाऱ्यात तीच बरी. दोष एवढाच, की जोरात मारणाऱ्यांच्या हातून चेंडू डावीकडे वळतो.

दिल्लीचा अली शेर मला शेवटी सापडला, खरं तर सुरुवातीला सापडायला हवा होता. तो दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होता. 1991 मध्ये त्याच मैदानावर इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, आणि 1993 मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. त्या मैदानात मुघल काळातल्या कबरी उभ्या आहेत. शाह आलम दुसऱ्याच्या आईची म्हणून सांगितला जाणारा लाल बंगलाही तिथलाच. वाटा अरुंद, दोन्हीकडे काटेरी झुडपं. तिथे जाणते खेळाडू ड्रायव्हर पिशवीतच ठेवतात आणि आखूड, सरळ जाणाऱ्या काठीने पहिला फटका मारतात. हे शहाणपण तिथल्या कॅडी पोरांनी कोणत्या पुस्तकातून घेतलेलं नाही.

इतकं सगळं वाचून मी भावाला एकच प्रश्न विचारला. "तुझा चेंडू जास्त वेळा कुठे पडतो?"

तो जरा गप्प राहिला. मग हसला. "गवतात, आपा. तुमच्यापासून काय लपवायचं?"

त्याने हायब्रिड घेतली. डिसेंबरात स्पर्धा झाली, तो पाचवा आला. सतराव्या होलपर्यंत तिसरा होता. अठराव्यावर त्या हायब्रिडने मारलेला चेंडू डावीकडे वळला आणि बाभळीत गेला. प्रशिक्षकाकडची जागा दुसऱ्याला मिळाली. मी वाईट वाटून काही बोलायला गेले तर म्हणाला, काठीची चूक नाही, घाई माझी. सोमवारचा खेळ चालू आहे.

ईदला तो घरी आला तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. त्याच दुकानदाराने फुकट दिलेली, लाकडी डोक्याची एक जुनी काठी. "आपा, तुमचं पर्सिमन!" मी कपाटातून अब्बांचा धोटा काढला आणि दोन्ही खिडकीपाशी धरून बघितले. काठीच्या डोक्याला कडेने बारीक रेघा होत्या, वहीच्या पानांसारख्या एकावर एक. म्हणजे थर चिकटवून केलेलं मेपलचं लाकूड, स्वस्तातलं. पर्सिमन नव्हतंच ते. त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.