चिठ्ठीत दडलेला चोर : सहलीच्या घोळक्यातील ‘माफिया’

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या, की पुणेकरांची पावले खडकवासल्याकडे वळू लागतात. धरणाकाठची चौपाटी, निखाऱ्यावर भाजलेले कणीस, गरमागरम कांदाभजी आणि पुढे सिंहगडाची किंवा पानशेतची वाट, हा बेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. दुपारची जेवणे उरकतात, पाऊस बाहेर पडू देत नाही आणि मग परिसरातील एखाद्या शेतघराच्या पडवीत पंधरा-वीस जणांचा घोळका गोल करून बसतो. चेंडू नको, पट नको, पत्ते असले तर उत्तम, नसले तर कागदाच्या चार चिठ्ठ्याही पुरतात. कोणीतरी गंभीर आवाजात म्हणते, ‘‘गावात रात्र झाली आहे. सगळ्यांनी डोळे मिटा.’’ आणि ‘माफिया’चा डाव सुरू होतो.

वरवर पाहता हा निव्वळ करमणुकीचा खेळ. पण बहुमत नेमके कसे चुकते, निरपराध माणूस दोषी कसा ठरतो आणि ‘सगळ्यांनाच तसे वाटते’ या वाक्याला पुराव्याचे मोल का नसते, हे इतक्या थोड्या वेळात दाखवून देणारे खेळ फारसे नाहीत.

राजा, प्रधान, शिपाई, चोर

गुप्त भूमिकांचा खेळ मराठी घरांना नवा नाही. उन्हाळ्याच्या सुटीत चार भावंडे जमली, की चार चिठ्ठ्या टाकल्या जात. राजा, प्रधान, शिपाई आणि चोर. कुठे प्रधानाऐवजी वजीर, तर कुठे राजाच्या जोडीला राणी. चिठ्ठ्या उचलल्यावर राजा स्वतःची ओळख सांगतो आणि चोर शोधण्याची जबाबदारी शिपायावर किंवा प्रधानावर सोपवतो. अंदाज बरोबर आला, तर गुण शोधणाऱ्याकडे राहतात. चुकला, तर ते चोराच्या खात्यात जमा होतात. गुणांचे आकडे आणि बारीकसारीक नियम घरोघरी वेगळे. परंतु निर्विकार चेहऱ्याने बसलेला चोर मात्र सगळीकडे सारखाच.

या खेळात आरोप करणारा एकटा असतो आणि चूकही त्याच्या एकट्याची असते. ‘माफिया’त हा अधिकार संपूर्ण गावाला मिळतो. खेळाचे स्वरूप पालटते ते या एका बदलामुळे.

मॉस्कोतील वर्गातून जगभर

‘माफिया’चे जनकत्व दिमित्री दाविदोव यांच्याकडे जाते. मॉस्को राज्य विद्यापीठात मानसशास्त्राचे विद्यार्थी असताना त्यांनी १९८६ मध्ये हा खेळ रचला. वर्गखोल्या आणि वसतिगृहे यांतून तो सोव्हिएत संघातील अन्य शिक्षणसंस्थांत पोचला आणि १९९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत रुजला. १९९७ मध्ये अमेरिकेतील अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियाच्या जागी नरवृक, म्हणजे रात्री लांडगा होणारा माणूस आणून त्याला लोककथेचा साज चढवला. हे रूप ‘वेअरवुल्फ’ या नावाने लोकप्रिय झाले.

पुढे याच कल्पनेवर २००९ मध्ये ‘द रेझिस्टन्स’ आणि २०१८ मध्ये ‘अमंग अस’ हा संगणक व भ्रमणध्वनीवरील खेळ आला. २०२० च्या टाळेबंदीत ‘अमंग अस’ने घराघरांतील मुलांना वेड लावले. नेदरलँड्समध्ये २०२१ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेची भारतीय आवृत्ती ‘द ट्रेटर्स’ करण जोहर यांच्या सूत्रसंचालनाखाली २०२५ मध्ये प्रसारित झाली. माध्यमे बदलली, गाभा तोच राहिला. एका बाजूला परस्परांना ओळखणारे मूठभर लोक आणि दुसऱ्या बाजूला कोणालाच न ओळखणारे बहुसंख्य.

डाव कसा रंगतो?

सात ते पंधरा खेळाडू आणि एक सूत्रधार ही बेताची संख्या. सूत्रधार गुपचूप चिठ्ठ्या वाटतो. आठ-दहा जणांत दोन माफिया, एक डॉक्टर, एक गुप्तहेर आणि उरलेले साधे नागरिक, अशी वाटणी सर्वसाधारणपणे होते. ‘रात्री’ सारे डोळे मिटतात. सूत्रधाराच्या सूचनेवरून केवळ माफिया डोळे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि खुणेने एकाची ‘हत्या’ ठरवतात. नंतर डॉक्टर कोणा एकाला वाचवण्याचा प्रयत्न करतो, तर गुप्तहेर एकाकडे बोट दाखवतो आणि तो माफिया आहे की नाही, हे सूत्रधार त्याला मानेनेच सांगतो. हालचालींचा आवाज कानी पडू नये, म्हणून अनेक ठिकाणी सर्वांना मांडीवर हलकेच टाळ्या वाजवत राहण्यास सांगतात.

‘सकाळ’ होते. रात्री कोण गेले, हे सूत्रधार जाहीर करतो आणि चर्चेला तोंड फुटते. आरोप, खुलासे, शपथा, उलटतपासणी आणि अखेरीस मतदान. ज्याच्याविरुद्ध सर्वाधिक मते, तो बाद. पुन्हा रात्र. सर्व माफिया बाद झाले, तर नागरिक जिंकतात. माफियांची संख्या उरलेल्या नागरिकांइतकी झाली, की गाव माफियांच्या हाती जाते.

आकड्यांचा कौल

या खेळाने गणितज्ञांनाही मोह घातला. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद इतेसामी आणि एल्खानन मोसेल यांनी २००८ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुप्तहेर नसेल, तर माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असली तरी दोन्ही पक्षांना जिंकण्याची वाजवी संधी राहते, हा त्यांचा एक निष्कर्ष. म्हणजे गाव शंभरपट मोठे झाले, तरी त्याला तोलून धरण्यास दहापट माफिया पुरतात. माहितीचे बळ संख्येच्या बळावर कशी मात करते, याचा हा गणिती पुरावा होय.

हे छोट्या घोळक्यातही ताडून पाहता येते. डॉक्टर व गुप्तहेर नाहीत, खेळ दिवसाच्या मतदानाने सुरू होतो आणि नागरिक केवळ नशिबावर भरवसा ठेवून मत देतात, असे मानू. सात जणांत एकच माफिया असेल, तर नागरिक जिंकण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के. त्या सातांपैकी दोघे माफिया असतील, तर ती जेमतेम २३ टक्क्यांवर येते.

आणखी एक गंमत. सात जणांत एक साधा नागरिक वाढवून आठ केले, तर गावाचे बळ वाढेल, असे वाटते. प्रत्यक्षात शक्यता ५४ वरून ४५ टक्क्यांवर घसरते. कारण सरळ आहे. प्रत्येक दिवस-रात्रीत दोन माणसे कमी होतात. सात जणांना सात, पाच आणि तीन अशा टप्प्यांवर तीन वेळा मतदान मिळते. आठ जणांनाही आठ, सहा आणि चार अशी तीनच संधी मिळतात. मात्र प्रत्येक वेळी संशयितांत एकाची भर पडलेली असते. म्हणूनच जाणता सूत्रधार चिठ्ठ्या करण्यापूर्वी डोकी मोजतो आणि पहिल्या मतदानाला विषम संख्या उरेल, अशी तजवीज करतो.

चेहऱ्यावरून चोर ओळखता येतो?

गाव केवळ नशिबावर मत देत नाही, माणसे एकमेकांचे चेहरे वाचतात, असा आक्षेप यावर कोणीही घेईल. परंतु या वाचनावर फार विसंबता येत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये सुमारे २४ हजार व्यक्तींवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. कोणतेही खास साधन हाती नसताना माणसे खरे-खोटे सरासरी शंभरात ५४ वेळाच बरोबर ओळखतात, असे त्यात आढळले. नाणे उडवून ठरवले, तरी शंभरात पन्नास उत्तरे बरोबर येतात.

पडवीतल्या डावात नेमके हेच घडते. ‘‘तू आज एवढा गप्प का?’’ हा पहिला आरोप. तो बोलू लागला, की ‘‘बघा, लगेच किती बोलायला लागला!’’ हा दुसरा. मुळात अबोल असलेला, घोळक्यात नव्याने आलेला किंवा घाबरला की हसू येणारा पहिल्याच दिवशी बाद होतो. याउलट काकांना किंवा कार्यालयातील साहेबांना चोर म्हणण्यास कोणाची जीभ रेटत नाही आणि त्यांच्या हातात माफियाची चिठ्ठी असेल, तर ते शेवटपर्यंत सुखरूप राहतात. दोन्हीकडे निकाल लागतो तो स्वभावावर किंवा मानमरातबावर, पुराव्यावर नव्हे.

पुरावा मात्र समोरच असतो. कोणी कोणाविरुद्ध मत दिले, कोणी शेवटच्या क्षणी मत फिरवले, रात्री गेलेला माणूस आदल्या दिवशी कोणावर संशय घेत होता, या गोष्टी लपत नाहीत. अनुभवी खेळाडू चेहऱ्यापेक्षा मतांचा हिशेब ठेवतात. एखादा निरपराध ज्यांच्या मतांनी बाद झाला, त्या यादीत माफिया दडलेला असण्याचा संभव मोठा. माणूस कसा दिसतो, यापेक्षा त्याने काय केले, हे पाहणारे गाव अधिक वेळा वाचते.

बाद झालेल्यांचे काय?

या खेळाचा मोठा दोष म्हणजे पहिल्याच रात्री ‘मारला’ गेलेला खेळाडू अर्धा-पाऊण तास नुसता बसून राहतो. लहान मुलांचा त्यामुळे हिरमोड होतो. यावर उपाय सोपे आहेत. पहिल्या रात्री हत्या न करण्याचा नियम घालता येतो. पुढच्या डावाचे सूत्रधारपद प्रथम बाद झालेल्याला देता येते. अथवा ‘द रेझिस्टन्स’सारखा कोणीच बाद न होणारा प्रकार निवडता येतो.

दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. आरोप डावापुरतेच असावेत. जात, धर्म, घरचे वाद किंवा कार्यालयातील जुनी भांडणे चर्चेत येऊ लागली, की सूत्रधाराने डाव तिथेच थांबवावा. डाव संपल्यावर सर्वांनी आपापल्या चिठ्ठ्या उघड कराव्यात. आपण कोणाला विनाकारण बाद केले, हे गावाला कळलेच पाहिजे. या खेळातील खरा धडा तोच आहे.

लहान प्रतिकृती, मोठा धडा

खडकवासल्यात केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत धरणांच्या, नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती उभारून पाण्याचे वर्तन तपासले जाते. लहान प्रतिकृतीत दोष दिसला, तर प्रत्यक्षातील संकट टळते. जवळपासच्या पडवीत रंगणारा ‘माफिया’चा डाव ही समाजाची अशीच एक लहान प्रतिकृती मानता येईल. अफवा कुठून शिरते, संशयाचा लोट कोणत्या दिशेला वळतो आणि सर्वांत दुबळा माणूस त्यात प्रथम कसा वाहून जातो, हे येथे विनाहानी पाहायला मिळते. बाद झालेला माणूस पुढच्या डावात हसत परत येतो. खऱ्या गावात ती सोय नसते.