उलटी आद्याक्षरे : तिबेटातील 'पंडित' सर्वेक्षक आणि संशोधकाचे गृहीत नाव

संशोधकाने आपले खरे नाव व खरा हेतू लपवून माहिती गोळा करावी काय, हा प्रश्न अलीकडे आमच्या विभागातील एका चर्चासत्रात निघाला. निमित्त एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे होते. गुप्तभाषांचा अभ्यास करताना इंटरनेटवरील संभाषणांत दुसऱ्या नावाने शिरावे असा त्याचा विचार होता, आणि उघडकीस आल्यास आपणांस इजा होईल ही त्याची भीती अनाठायी नव्हती. चर्चा बराच वेळ चालली. पण ती बहुतेक सगळी नाव कसे घ्यावे आणि ते कसे टिकवावे ह्याच मुद्द्याभोवती फिरली. ह्या विषयाला दीडशे वर्षांपूर्वीचा एक चांगला दाखला आहे. तो भूगोलाच्या इतिहासात प्रसिद्ध असला, तरी त्यातील नावांकडे भाषेच्या अभ्यासकाने पाहावे तितके पाहिलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हिमालयाच्या रांगांपर्यंत पोहोचले होते. (ह्या सर्वेक्षणाचे आद्य प्रवर्तक विल्यम लँबटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटास वारले, ही गोष्ट वर्धा जिल्ह्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नसते.) रांगांपलीकडचा तिबेट मात्र युरोपीय प्रवाशांस बंद होता. सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन टॉमस जॉर्ज माँटगोमेरी ह्यांच्या लक्षात आले की, जी सीमा गोऱ्या अधिकाऱ्यास ओलांडता येत नाही ती लडाख व यारकंदच्या दरम्यान ये-जा करणारे हिंदी लोक सहज ओलांडतात. त्यांनी प्रथम अब्दुल हमीद ह्या मुनशीस १८६३ मध्ये यारकंदास पाठविले. त्यांनी तेथील स्थाननिश्चिती केली. परंतु परतीच्या वाटेवर त्यांचा मृत्यू झाला व केवळ त्यांची टिपणे हाती आली. त्यानंतर कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंह रावत व त्यांचे चुलतबंधू मणिसिंह ह्यांस डेहराडून येथे शिक्षण देण्यात आले.

ह्या शिक्षणातील साधनांची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की येथे तिचा निर्देश पुरे. पाऊल ठरावीक मापाचे टाकावयाचे. एकशे आठ मण्यांच्या जपमाळेऐवजी शंभर मण्यांची माळ बाळगून दर शंभर पावलांस एक मणी सोडावयाचा. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राऐवजी नोंदींच्या चिठ्ठ्या ठेवावयाच्या. उकळत्या पाण्याच्या तापमानावरून उंची काढावयाची. नैनसिंह १० जानेवारी १८६६ रोजी ल्हासास पोहोचले, सुमारे तीन महिने तेथे राहिले, त्या नगराची उंची व स्थान निश्चित केले आणि त्सांगपो नदीच्या काठाने मानससरोवराकडे येऊन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात डेहराडूनला परतले.

प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटतो तो वेषाचा नव्हे, बोलीचा भाग. नैनसिंह प्रथम बशहरचे व्यापारी म्हणून निघाले. बशहरच्या लोकांस तिबेटात व्यापाराची जुनी मुभा होती, म्हणून ही निवड वरवर पाहता योग्यच होती. परंतु नेपाळच्या सरहद्दीवरील केरुंग येथे त्यांस अडविण्यात आले. बशहरचा माणूस ह्या आडमार्गाने का येतो, ही शंका स्वाभाविक होती. पुढे त्यांनी लडाखी व्यापाऱ्याचे सोंग घेतले आणि ते चालले. दोन्ही सोंगे त्यांच्या मूळ स्वरूपापासून फार दूर नव्हती, हे ध्यानात घ्यावे. जोहारचे लोक पश्चिम तिबेटाशी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आलेले, तेथील बोली त्यांच्या परिचयाची. गृहीत नाव टिकते ते नावाच्या चातुर्याने नव्हे. बोलण्याचालण्याच्या ज्या असंख्य सवयी कोणी शिकवू शकत नाही, त्या सवयींनी टिकते. ल्हासात ते व्यापाऱ्यांस हिंदी पद्धतीचे हिशेब शिकवून उदरनिर्वाह करीत. म्हणजे सोंगातही ते मास्तरच राहिले. तरीसुद्धा तेथील दोन मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांस ओळखले. त्यांनी ते गुपित फोडले नाही, म्हणून पुढचा इतिहास घडला.

आता कागदावरील नावांकडे वळू. नैनसिंहांच्या प्रवासाचा वृत्तांत १८६८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, तेव्हा त्यात लेखकाचे नाव नव्हते. केवळ 'पंडित' असा उल्लेख होता. इतरांचे उल्लेख 'मुनशी', 'मिर्झा', 'मुल्ला', 'हवालदार' असे होत. ही नावे व्यक्ती झाकतात, पण व्यक्तीचा समाज, शिक्षण, कधी धर्मही उघड करतात. लंडनच्या वाचकाच्या दृष्टीने ह्यांतून काही कळत नव्हते. ल्हासाच्या किंवा बुखाऱ्याच्या अधिकाऱ्यास मात्र पुष्कळच कळले असते.

दुसरी रीत आद्याक्षरांची. मणिसिंह ह्यांचे संकेतनाम 'जी. एम.', कल्याणसिंह ह्यांचे 'जी. के.', नेमसिंह ह्यांचे 'जी. एम. एन.', हरिराम ह्यांचे 'एम. एच.' आणि किशनसिंह ह्यांचे 'ए. के.'. नियम साधा आहे: नावातील ठळक व्यंजने घेऊन ती उलट्या क्रमाने मांडावयाची. हरि-राम ह्यातील ह आणि म उलटले की 'एम. एच.' होते. 'सिंह' हा शब्द रोमन लिपीत लिहिताना शेवटचे अक्षर 'एच' येते, तरी संकेतात घेतला आहे तो 'जी'. म्हणजे येथे अक्षर नव्हे, तर 'सिंघ' ह्या उच्चारातील घकार प्रमाण मानला आहे. उलट 'ए. के.' हे 'कृष्ण' ह्या नावाच्या रोमन लेखनातील पहिले व शेवटचे अक्षर उलटून बनले आहे. तेथे उच्चार नव्हे, लेखन प्रमाण. देवनागरीत 'कृष्ण' ह्याच्या शेवटी अकार वेगळा लिहिलाच जात नाही, तेव्हा हे संकेतनाम त्या नावाच्या धन्याच्या लिपीत जन्मलेले नाही, डेहराडूनच्या कचेरीतील रोमन टिपणवहीत जन्मलेले आहे. एकाच माणसासाठी नियम का बदलला? सरळ नियमाने किशनसिंह हेही 'जी. के.' झाले असते, आणि ते नाव कल्याणसिंहांस आधीच दिलेले होते. म्हणून 'किशन' सोडून 'कृष्ण' धरले असावे, असा माझा तर्क आहे.

एका गोष्टीची गंमत वाटते. 'सिंह' उपपद असलेल्या प्रत्येकाच्या माथी 'जी' बसला, त्यामुळे ज्या संकेताने माणूस लपवावयाचा त्यानेच एका गटातील माणसांवर एकसारखा शिक्का मारला. पुढे पुढे तर उलटण्याचीही तसदी घेतलेली दिसत नाही. उग्येन ग्यात्सो हे सरळ 'यू. जी.', रिंझिन नामग्याल 'आर. एन.' आणि सिक्कीमचा किंथुप 'के. पी.'. संकेत सवयीचा झाला की त्यातील सावधपणा ओसरतो, हे लिपीतही दिसते.

नाव लपविण्याची ही काळजी एकीकडे, आणि दुसरीकडे १८६८ च्या त्याच वृत्तांतात माँटगोमेरी ह्यांनी शंभर मण्यांची माळ व प्रार्थनाचक्र ह्यांची युक्ती सविस्तर सांगून टाकली! ज्ञानप्रसाराची हौस आणि गुप्ततेची गरज ह्यांत त्यांस विरोध जाणवला नाही, ही गोष्ट आश्चर्याची आहे. व्यक्तीचे नाव कळल्याने एक माणूस धोक्यात येतो. पद्धत कळल्याने तिच्यामागून जाणारा प्रत्येक माणूस धोक्यात येतो. नंतरच्या वर्षांतही किशनसिंह व इतर त्याच साधनांनी निघाले. किशनसिंहांचा चार वर्षांहून अधिक काळाचा प्रवास (१८७८–८२) ह्या साऱ्यांत थोर म्हणावा लागेल. वाटेत ते लुटले गेले, पुढे त्यांचा नोकर त्यांस सोडून गेला, मध्य आशियाच्या सीमेवरील तुनह्वांग येथे त्यांस कित्येक महिने अडकून राहावे लागले. तरी पावले मोजणे थांबले नाही. १८८४ मध्ये त्यांचा वृत्तांत डेहराडूनला छापला गेला, तो 'ए—के' ह्याच नावाने. नैनसिंहांस मात्र १८७७ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक त्यांच्या स्वतःच्या नावाने मिळाले. तोवर ते प्रवासातून निवृत्त झालेले होते.

येथपर्यंतचा हिशेब संशोधकाच्या बाजूचा झाला. दुसरी बाजू शरच्चंद्र दास ह्यांच्या प्रकरणात दिसते. दार्जिलिंगच्या भुतिया शाळेचे हे मुख्याध्यापक १८७९ मध्ये उग्येन ग्यात्सोंसह ताशिल्हुन्पो मठात गेले ते धर्मशास्त्राचे विद्यार्थी म्हणून, आणि ही भूमिका सर्वस्वी खोटी नव्हती. १९०२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या हाती आहे. १८८१–८२ मध्ये ते पुन्हा गेले व ल्हासापर्यंत पोहोचले. मठातील एक थोर अधिकारी, सेंगचेन लामा, ह्यांस पाश्चात्त्य विद्यांविषयी कुतूहल होते; त्यांनी दासांस आश्रय दिला, पुस्तके दिली, त्यांच्याकडून शिकलेही. दास सुखरूप परतले. पुढे त्यांच्या भेटीचे खरे स्वरूप तिबेटी शासनास कळले. तेव्हा सेंगचेन लामांस १८८७ मध्ये नदीत बुडवून मृत्युदंड देण्यात आला, आणि दासांस साहाय्य करणाऱ्या एका उच्चाधिकाऱ्याच्या कुटुंबास कारावास भोगावा लागला.

दासांस दोष देणे सोपे आहे, पण तो न्याय होणार नाही. ते एका साम्राज्याच्या हिशेबात काम करीत होते आणि त्या हिशेबात यजमानाचा रकाना नव्हता. माँटगोमेरी ह्यांच्या योजनेत सर्वेक्षकाच्या जिवाची काळजी आहे, उपकरणांची आहे, नोंदींची तर विशेषच आहे. ज्याच्या घरी सर्वेक्षक उतरेल त्याचे पुढे काय होईल, हा प्रश्न तीत उपस्थितच झालेला नाही. गृहीत नाव संशोधकाबरोबर सीमेपलीकडे परत येते. ज्याने त्या नावावर विश्वास ठेवला तो आपल्या खऱ्या नावाने, आपल्या गावी, मागे राहतो.

हा प्रश्न ज्याच्या मनात उपस्थित झाला, तो एक जपानी भिक्षू. एकाई कावागुची ह्याने दार्जिलिंगला दासांच्याच साहाय्याने तिबेटी शिकून घेतली आणि आपले जपानीपण लपवून १९०१ मध्ये तो ल्हासास पोहोचला. तेथे वैद्य म्हणून त्याची ख्याती झाली व एका माजी मंत्र्याच्या घरी त्यास आश्रय मिळाला. सेंगचेन लामांची हकीकत त्यास पूर्ण ठाऊक होती. आपल्या प्रवासवृत्तात त्याने ती विस्ताराने लिहिली आहे. १९०२ मध्ये रहस्य फुटण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा निघून जाण्यापूर्वी त्याने आपण कोण आहोत हे यजमानास स्वतः सांगितले. हिंदुस्थानात पोहोचल्यावर आपल्या परिचितांस ल्हासात कैद झाल्याचे त्याच्या कानी आले. मायदेशी परतण्याचे बाजूस ठेवून तो काठमांडूस गेला, आणि त्या कैद्यांच्या सुटकेसाठी दलाई लामांकडे रदबदली व्हावी म्हणून नेपाळचे प्रधानमंत्री चंद्र शमशेर ह्यांच्या दारी अर्ज घेऊन, ह्या वेळी आपल्या खऱ्या नावाने, उभा राहिला.