कोयनेचा प्रश्न कोणत्या विषयाचा?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगर 6.3 तीव्रतेच्या भूकंपाने हादरले. सुमारे 180 माणसे दगावली. शिवसागर जलाशय भरू लागून तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. भूकंप पाण्यामुळे झाला का? भूकंपशास्त्रज्ञांकडे धक्क्यांच्या नोंदी होत्या, अभियंत्यांकडे पाणीपातळीच्या, भूवैज्ञानिकांकडे खडकांच्या. पुढे सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणा अडली, आणि 1993 पासून त्या बाजूलाही धक्के वाढले.

भूकंप उगम पावतो तिथपर्यंतच छिद्र घेऊन पाहावे, ही कल्पना मोठ्या खर्चाची होती. संशोधनाच्या अर्जावर पहिला रकाना बहुधा ‘विषय’ हाच असतो. इथे त्यात काय लिहायचे? आंतरराष्ट्रीय खंडीय वेधन कार्यक्रमाकडे आधी पैसे मागितले ते केवळ एका कार्यशाळेपुरते. मला यातले शहाणपण फार मोलाचे वाटते. 2011 साली देशोदेशीचे वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी खोल वेधनाआधी प्राथमिक अभ्यास सुचवले. त्यासाठी सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची नऊ छिद्रे घेतली गेली. पृथ्वी-विज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली. 2017 मध्ये गोठणे येथील तीन किलोमीटरचे पथदर्शी छिद्र पूर्ण झाले. त्यात सुमारे 1250 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खालचा ग्रॅनाइटी खडक हाती आला.