नागपूरच्या पेठा आणि जागेचें मोल

शहराचा इतिहास राजवाड्यांत व तटबंदींत शोधण्याची रीत आहे. परंतु शहर कसें वाढलें हें जाणावयाचें असेल तर त्याच्या बाजारांत शिरावें लागतें. एखाद्या रस्त्यावरील हातभर जागेसाठीं व्यापारी किती द्रव्य मोजावयास तयार होतो, यावरून तेथील रहदारी, राजसत्तेचा ओघ आणि लोकांच्या गरजा या तीनहि गोष्टी कळून येतात. या दृष्टीनें नागपूरचें उदाहरण फार बोलकें आहे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानें १७०२ च्या सुमारास बारा खेडीं एकत्र करून हें शहर वसविलें. त्याच्यामागून गादीवर आलेल्या चांद सुलतानानें शहराभोंवतीं कोट घातला व जुम्मा तलाव बांधविला. पुढें रघूजी भोसल्यांनीं येथें राजधानी केली आणि महालाच्या आश्रयानें पेठा भरूं लागल्या. त्यांचीं नांवें पाहिलीं तर आठवड्याचें पंचांगच समोर उभें राहतें. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी, हीं सारीं नांवें त्या त्या वारीं भरणाऱ्या बाजारांची आठवण देतात. वाराच्या बाजारांत जागेला स्वतःचें असें मोल नसतें. विक्रेता सकाळीं येतो, गोणपाट पसरतो आणि सायंकाळीं तें गुंडाळून निघून जातो. मोल असतें तें दिवसाला. जेव्हां सराफ, कापडवाले व धान्याचे अडते कायमचीं दुकानें थाटून बसले, तेव्हां वाराचें नांव तेवढें राहिलें आणि बाजार आठवडाभर चालूं लागला. जागेच्या किंमतीचा आरंभ तेथूनच झाला.

१८५३ मध्यें तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर राज्य खालसा झालें व १८६१ मध्यें नागपूर मध्यप्रांताची राजधानी बनलें. १८६७ मध्यें मुंबईहून आगगाडी आली. जुनें शहर स्थानकाच्या पूर्वेस व साहेबलोकांची वस्ती पश्चिमेस, अशी मांडणी झाल्यामुळें या दोहोंमधील सीताबर्डीला, जी तोंवर १८१७ च्या लढाईसाठींच प्रसिद्ध होती, नवें महत्त्व आलें. कचेरीचा कारकून, वकील, विद्यार्थी व परगांवचा प्रवासी यांच्या वाटेवर दुकान असणें ही व्यापाराची पहिली गरज ठरली. इतवारी घाऊक मालाची राहिली. फुटकळ विक्रीचा मान सीताबर्डीनें घेतला. जुना बाजार मेला नाहीं. त्यानें आपलें काम बदललें.

जागेचें मोल कशांत असतें, हें सांगणारी एक प्रसिद्ध आख्यायिका याच काळांतली आहे. जमशेटजी टाटा यांनीं गिरणीसाठीं स्थानकाजवळची दलदलीची जमीन घेतली व भराव घालण्यास आरंभ केला. तेव्हां एका स्थानिक सावकारानें, हा मनुष्य जमिनींत सोनें पुरीत आहे, असें म्हणून कर्ज नाकारलें. १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढें त्याच सावकारानें कबूल केलें कीं, टाटांनीं जमिनींत माती घातली व सोनें बाहेर काढलें. सावकारानें माती पाहिली होती. टाटांनीं जवळची आगगाडी व वऱ्हाडचा कापूस पाहिला होता. जमिनीचें मोल तिच्या पोटांत नसून शेजारांत असतें, हा या गोष्टीचा अर्थ होय.

शेजार मात्र एकट्या मालकाचा नसतो. रस्ता सरकारचा, गर्दी लोकांची, आणि वाढलेली किंमत एकाची, असा हा व्यवहार आहे. त्याला वळण लावण्याचे यत्न झाले. १९३६ च्या कायद्यान्वयें नागपूर सुधार प्रन्यास निर्माण झाला आणि नव्या वसाहती आंखून भूखंड देण्याचें काम त्याजकडे आलें. १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशानें भाडेकरूस संरक्षण दिलें. नियंत्रकाच्या परवानगीवांचून मालकाला त्यास काढतां येईना. परिणामीं दुकानाचें भाडें जुनेंच व जागेचा भाव नवा, अशी तफावत पडत गेली आणि ती भरून काढण्यास पगडी पुढें आली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें ही पगडी उघडपणें मान्य केली, भाड्यांत सालीना ४ टक्के वाढीची मुभा दिली व एक कोटि रुपये वा अधिक भरणा-भांडवल असलेल्या कंपन्यांना त्या संरक्षणाबाहेर ठेवलें.

मध्यंतरीं १ नोव्हेंबर १९५६ रोजीं नागपूरचें राजधानीपण गेलें व पुष्कळ कचेऱ्या भोपाळला गेल्या. तरीहि शहर वाढतच राहिलें. १९०१ मध्यें सुमारें १ लक्ष २७ हजार असलेली वस्ती २०११ मध्यें २४ लक्षांवर गेली. धरमपेठेसारख्या राहत्या वस्तींतहि घरांच्या जागीं दुकानें आलीं. एम्प्रेस मिल २००२ मध्यें बंद पडली आणि जेथें मजूर सूत कातीत, तेथें मॉल उभा राहिला. २०१९ मध्यें मेट्रो धांवूं लागली. तिच्या दोन मार्गांचा संगम सीताबर्डीसच झाला. आगगाडीनें दीडशें वर्षांपूर्वीं जें केलें, तेंच पुन्हां घडूं पाहत आहे.

या साऱ्या उलाढालींत वाराच्या बाजारांतला तो गोणपाटवाला नाहींसा झालेला नाहीं. आठवडी बाजार नागपुरांत आजहि भरतात. सीताबर्डीच्या दुकानांपुढें फेरीवाले बसतात. दुकानदार म्हणतो, मी जागेचे पैसे मोजले. फेरीवाला म्हणतो, गिऱ्हाईक रस्त्यावरचें आहे. दोघांचेंहि म्हणणें खरें असल्यामुळेंच हा तंटा सुटत नाहीं. २०१४ च्या कायद्यानें शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना जागा देण्याचें तत्त्व मान्य केलें आणि त्यांच्या प्रतिनिधींना नगर विक्रेता समितींत स्थान दिलें. तें तत्त्व प्रत्यक्ष रस्त्यावर कितपत उतरतें, यावरच पुढील बाजाराचें स्वरूप ठरेल. ज्या शहराच्या पेठांना वारांचीं नांवें आहेत, त्या शहरानें आठवड्यांतून एक दिवस येऊन बसणाऱ्याला परका मानणें त्याच्या इतिहासाला धरून होणार नाहीं.