भिंतीवरची नावं आणि त्यांच्यामागे धावलेले कॅमेरे

भिंतीवर नाव लिहिणं ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. गडकिल्ल्यांवर, देवळांच्या ओवऱ्यांत, दर्ग्यांच्या कठड्यांवर आपल्याकडची मंडळीही हे पुण्यकर्म नेमानं करत आली आहेत. पण न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या सुमारास काही पोरांनी हे सुरू केलं, त्याची गोष्ट निराळी आहे. त्या नावांच्या मागे कॅमेरे घेऊन माणसं धावली, आणि त्या छायाचित्रांचा तिथल्या गरीब वस्त्यांशी जो संबंध आला, त्याविषयी आज बोलायचं आहे.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २१ जुलै १९७१ रोजी ‘टाकी १८३’ या सहीची बातमी छापली. डिमिट्रियस या ग्रीक वंशाच्या मुलाचं टाकी हे घरगुती नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. निरोप्याची नोकरी असल्यानं तो शहरभर हिंडे आणि जाईल तिथे मार्करनं हे नाव लिही. बातमी आली आणि शेकडो पोरांनी मार्कर उचलले. पुढे मार्करच्या जागी रंगाचे स्प्रे आले, नावं मोठी होत गेली आणि आगगाडीचा अख्खा डबा एका नावासाठी अपुरा पडू लागला. अक्षरं तर एकमेकांत अशी गुंतवलेली, की नवख्याला वाचता येऊ नयेत. मला त्यात तुर्की सुलतानांचा तुघरा दिसतो. तुघरा म्हणजे सुलतानाच्या नावाची वेलबुट्टीदार सही. ती फर्मानाच्या माथ्यावर असे. फरक एवढाच, की या पोरांना फर्मान काढायचं नव्हतं. आपण इथे राहतो एवढंच सांगायचं होतं.

आणि ते सांगण्याची गरज होती. शहराच्या उत्तरेला असलेला साऊथ ब्राँक्स त्या वर्षांत अक्षरशः जळत होता. महामार्गासाठी वस्त्या चिरल्या गेल्या होत्या, कारखाने गेले होते, बँका कर्ज देत नव्हत्या. १९७५ साली तर शहराचं दिवाळं वाजता वाजता राहिलं. काटकसर म्हणून अग्निशमन केंद्रं बंद केली गेली, तीही गरिबांच्या भागातली. काही घरमालक विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या इमारतींना आगी लावत. जनगणनेच्या सात विभागांमधल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती १९७० ते १९८० या दशकात नाहीशा झाल्या. राहिलेली माणसं बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन.

या भागाची जगभर गेलेली छायाचित्रं ढिगाऱ्यांची होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवर उभे राहिले आणि तो रस्ता राष्ट्राच्या लाजेचं प्रतीक ठरला. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८० मध्ये, जॉन फेकनर या कलाकारानं तिथल्या पडक्या भिंतींवर स्टेन्सिलनं मोठाली अक्षरं उमटवली: ‘तुटलेली वचनं’. एकदा इंग्रजीत, एकदा रहिवाशांच्या स्पॅनिशमध्ये. त्याच दिवसांत अध्यक्षपदाचे उमेदवार रोनाल्ड रेगन तिथे आले आणि फेकनरच्या अक्षरांच्या पार्श्वभूमीवर त्यांची छायाचित्रं निघाली. रहिवासी ओरडून विचारत होते, आमच्यासाठी काय करणार? मी निवडून आलो नाही तर काहीच करू शकत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं. रहिवाशांच्या बाजूनं लिहिलेले शब्द उमेदवाराच्या प्रचाराचा पडदा झाले. कॅमेरा नेमका कुणाच्या बाजूनं उभा आहे, हे म्हणूनच पाहावं लागतं.

सरकारी चित्रकलेचा मासला तर याहून भारी. १९८३ मध्ये महामार्गालगतच्या ओसाड इमारतींच्या खिडक्यांवर नगरपालिकेनं प्लॅस्टिकची चित्रं चिकटवली. चित्रात पडदे, झडपा आणि फुलझाडांच्या कुंड्या. मोटारीतून जाणाऱ्याला वाटावं, आत माणसं नांदताहेत. आणि याच नगरपालिकेला स्वतःचं नाव लिहिणारी पोरं मात्र गुन्हेगार वाटत होती!

आता त्या दोन छायाचित्रकारांकडे येऊ, ज्यांना ढिगाऱ्यांपेक्षा पोरांत रस होता. मार्था कूपर ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या दैनिकात छायाचित्रकार होत्या. दिवसाचं काम संपल्यावर रिळात उरलेल्या फिल्मवर त्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब गल्ल्यांतल्या मुलांचे खेळ टिपत. तिथल्या एका मुलानं त्यांना आपली वही दाखवली. भिंतीवर लिहिण्याआधी तो आपल्या टोपणनावाचा सराव वहीत करत असे. त्यानंच त्यांना डाँडी या तेव्हाच्या नामांकित चित्रकाराकडे नेलं. डाँडी रात्री रेल्वेच्या यार्डात डबे रंगवी, तेव्हा कूपर त्याच्यासोबत कॅमेरा घेऊन होत्या. १९८० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. हेन्री चॅलफंट हे शिल्पकार. ते समोरच्या फलाटावर उभे राहत, गाडी थांबली की सरकत सरकत भराभर चार-पाच छायाचित्रं घेत आणि नंतर ती जोडून पूर्ण डबा कागदावर उभा करत.

दोघांच्या कामात मला एक भेद जाणवतो. चॅलफंट यांच्या चित्रात डबाच डबा असतो, संग्रहालयातल्या गालिच्यासारखा स्वच्छ मांडलेला. कूपर मात्र ब्राँक्समधल्या मोकळ्या, जळक्या जागांत तासन्‌तास थांबत. रंगवलेली गाडी उंच पुलावरून येई आणि त्यांच्या चौकटीत गाडीबरोबर पडकी घरंही येत, खालचा रस्ताही येई. चॅलफंट यांच्यामुळे अक्षरं कळतात. ती कुठून आली, हे कूपर यांच्यामुळे कळतं. माझं मन कूपर यांच्याकडे झुकतं.

दोघांनी मिळून केलेलं ‘सबवे आर्ट’ अमेरिकी प्रकाशकांनी नाकारलं. ते १९८४ मध्ये लंडनच्या प्रकाशकानं काढलं आणि युरोपातल्या पोरांनी त्यावरून अक्षरं गिरवली. खुद्द न्यूयॉर्कमध्ये तोवर डबे रसायनांनी धुतले जात होतेच. १२ मे १९८९ रोजी रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून गेली. रोज त्या डब्यांतून कामाला जाणाऱ्या कष्टकऱ्यांपैकी अनेकांना हायसं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. खिडकीवर रंग फासलेला असेल तर स्टेशन कुठलं आलं ते दिसत नाही. पण मूळ चित्रं गेली ती गेलीच. आज आपण पाहतो ती फक्त छायाचित्रं.

शार्लट स्ट्रीटवर दरम्यान घरं उभी राहिली. अंगण आणि कुंपण असलेली सुमारे ९० बैठी घरं. ती छायाचित्रांमुळे झाली असं मी म्हणणार नाही. स्थानिक संघटनांचे कष्ट आणि सरकारी पैसा त्यामागे होता. मात्र जगाला ठाऊक झालेल्या त्या रस्त्याकडे दुर्लक्ष करणं सोपं राहिलं नव्हतं.

गाड्या स्वच्छ झाल्या तरी वस्त्यांचे भोग संपले नव्हते. क्रॅक या अमली पदार्थानं आणि बंदुकांनी थैमान घातलं. एकट्या १९९० साली न्यूयॉर्कमध्ये २,२००हून अधिक खून झाले. गाड्या रंगवलेली मंडळी आता भिंतींवर मेलेल्यांची नावं लिहू लागली. ब्राँक्समधला ‘टॅट्स क्रू’ हा गट त्यासाठी ओळखला गेला. घरचे लोक, दोस्त येऊन चित्र काढायला सांगत: चेहरा, नाव, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष. खाली मेणबत्त्या लागत, फुलं ठेवली जात. कूपर यांनी ही चित्रंही टिपली आणि लोकसंस्कृतीचे अभ्यासक जोसेफ शियोरा यांच्याबरोबर १९९४ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. इमारत विकली गेली की भिंत पुसली जाई. मग कबरस्तानाबाहेरची ही दुसरी कबर पुस्तकाच्या पानावरच उरे. त्या पानांवर मी नावाखालची दोन वर्षं पाहतो आणि नकळत वजाबाकी करत राहतो.

छायाचित्रांमुळे पाहणारे आले आणि पाहणाऱ्यांमागून भाव वाढले, असंही घडलं. क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीत, कारखान्यांच्या जुन्या भागात, ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाची इमारत होती. मालकाच्या परवानगीनं तिच्या भिंती रंगवल्या जात. शेजारच्या उंच रुळांवरून जाणाऱ्या गाडीतून ती पूर्ण दिसे, आणि जगभरचे प्रवासी कॅमेरे घेऊन तिथे येत. मग त्या भागात टोलेजंग इमारतींना दिवस आले. १९ नोव्हेंबर २०१३च्या रात्रीत मालकानं सगळ्या भिंतींवर पांढरा रंग मारला. २०१४ मध्ये इमारत पाडली गेली. चित्रकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ४५ चित्रांसाठी २१ कलाकारांना सुमारे ६७ लाख डॉलरची भरपाई दिली आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयानं ती कायम केली. मधल्या काळात मालकाच्या कंपनीनं एक अर्ज केला होता. नव्या मनोऱ्यांसाठी ‘फाइव्ह पॉइंट्झ’ हे नाव तिला आपल्या नावे नोंदवून हवं होतं.